शेरा

देवपुरात माझ्याकडे त्रेचाळीस चाव्या आहेत,
एकही माझ्या घराची नाही.
मालक कुणी मस्कतला, कुणी पुण्याला,
एक तर तिथंच वरच्या मजल्यावर,
पण भाडेकरूशी बोलणं त्याला जमत नाही.
मग मी बोलतो.

आधार, पॅन, तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा,
पोलीस ठाण्याचा कागद, ओळखीच्या दोघांचे नंबर,
त्यातला एक हमखास मेहुण्याचा.
हे कुणीही तपासेल.
माझी तपासणी आधीच सुरू झालेली असते,
जिन्यात.
माणूस कठड्याला हात लावतो का,
लावला तर धूळ कुठं पुसतो.
स्वयंपाकघरातला नळ सोडून बघतो,
की बंद करूनही बघतो.

बँकेतले एक गृहस्थ आले होते, कागद चोख.
सहा नंबरच्या भिंतीवर आधीच्या पोरानं खडूनं काढलेला उंट बघून म्हणाले,
याचे पैसे कापलेत ना?
कापलेत, म्हटलं.
त्यांना साक्री रोडला घर लावून दिलं.
भाडं कधी एक तारखेच्या पुढं गेलं नाही.

फॉर्मच्या तळाशी शेरा असतो.
मालक तेवढाच वाचतात.
त्यात काय लिहायचं ते कुणी शिकवत नाही,
मी बारा वर्षांत शिकलो:
आपल्यातले. कुटुंब छोटं. जेवण साधं.
साधं म्हणजे तिखट कमी, असं नव्हे.

मेमधल्या एका दुपारी,
पांझरेत पाणी नव्हतं आणि रस्त्यावर माणूस,
रविता वसावे आली. धडगावकडची.
सिव्हिलला नर्स, रात्रपाळी जास्त,
सोबत धाकटा भाऊ, आयटीआयला.
आडनाव लिहिताना माझं पेन थांबलं.
तिनं ते पाहिलं.
बोलली काहीच नाही.
पश्चिमेच्या भिंतीला तळवा लावून उभी राहिली,
तापातल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा.

ही किती वाजता निवते?
मला माहीत नव्हतं.
दिवसा झोपावं लागतं मला, म्हणाली.
पाणी किती दिवसांनी?
आठ.
टाकी धुतली कधी?
मी सोसायटीच्या सेक्रेटरीचं नाव सांगितलं.
आधीच्यांना डिपॉझिट परत मिळालं?
मिळालं.
सगळं?

उंट अजून तिथंच होता,
तीन पायांचा, चौथा स्विचबोर्डाखाली गेलेला.
त्याचे नऊशे रुपये कापले होते रंगासाठी.
रंग कुठं होता?
ती उंटाकडे बघत होती. मी चाव्यांकडे.
त्यांचा नंबर द्या, म्हणाली,
विचारून घेते.
आवाज तसा, गोळी जेवणाआधी की नंतर सांगतात तसा.
उगाच खिशात हात गेला माझा,
जसं माझंच आधार कार्ड मागितलं कुणी.

ती गेल्यावर खालून सुपडूबापू,
आमचा वॉचमन, खुर्चीतूनच म्हणाला,
बाई चांगली शे, भाऊ.
जिनाना लाइट बंद करी गई.

मस्कतहून नेवेसाहेबांचा मेसेज पडलेला:
कोण आहेत? आपल्यातले का?
मी लिहिलं, सरकारी पगार. खोडलं.
लिहिलं, भाऊ शिकतोय. खोडलं.
लिहिलं, भिंत फार तापते आपली.
तेही खोडलं.
शेवटी जे खरं होतं ते पाठवलं:
विचार करून कळवते म्हणाल्या.

दोन निळ्या खुणा उमटल्या.
मग बराच वेळ काही नाही.

त्या पोराच्या बापाचा नंबर मी तिला तोंडीच सांगितला.
शेवटचा आकडा सात सांगितला की एक,
आता आठवत नाही.
वही दुकानात आहे.
उद्या बघू.