फाटकावर

नागपूरच्या बागेत डायनासोर आहे म्हणतात,
तिकीट लेकराचंही लागते.
आम्ही फाटकावर जातो.

सायकलच्या दांड्यावर दुपट्टा गुंडाळून सम्यक,
मागे मी, मांडीवर धाकटी,
पिशवीत दुधाची बाटली, दहाचे फुटाणे,
जास्तीची एक चड्डी.

मेश्रामभाऊ हिरवा झेंडा घेऊन बाहेर येतात.
"पाह्य बाबू, येऊन राह्यली!" ह्याचा बाप ओरडतो,
स्वतःच टाचा उंच करून.
कोळशाची मालगाडी. कडेची पऱ्हाटी हलते.
मी डबे मोजते, मोठ्यानं,
एकोणचाळीसला चुकते, पुन्हा धरते.
धाकटी रडत नाही.
तिची टाळू माझ्या तळव्याखाली
उडत असते, गाडीपेक्षा हळू.

आणि सम्यक?
रुळाकडे पाठ करून बसलाय भर रस्त्यात.
फुटाण्याचं टरफल ओढणाऱ्या मुंगीपुढे
बोट आडवं धरलंय.
थांब, म्हणतो. थांब.

अठ्ठावन्न डबे गेले.
दांडा वर. मागे ट्रॅक्टर, बोलेरो,
हॉर्नवर हॉर्न.
ह्याचा बाप हात दाखवतो त्यांना,
"दोन मिन्टं ना भाऊ,
इकडचं फाटक बंद हाय अजून."