शेवटचा नळ

नियमात लिहिलंय, तपासणी शेवटच्या नळाला.
टाकीखालच्या नळावर कधीही जा,
परीक्षानळीतलं पाणी पिवळं होतंच.
तिथे पास व्हायला अक्कल लागत नाही.

आमचा शेवटचा नळ गाबीतवाड्यात,
दुरपदी कुबलच्या मांगरामागे,
वाळत घातलेल्या बांगड्यांच्या पलीकडे.
तोटी नाही.
सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि सुतळी.

सकाळी सहाला टाकीवर चढते.
पन्नास हजार लिटर, अडीचशे ग्रॅम पावडर,
बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा,
वरची निवळ तेवढी ओतायची.
वास दिवसभर हातात राहतो.
मुलगा म्हणतो, आई,
तुझी भाकरी दवाखान्यात थापल्यासारखी लागते.

अर्धा तास थांबायचं, मग घाटी उतरून वाळूत.
नळीत पाणी, पाण्यात दोन थेंब,
उजेडाकडे धरून बघत राहायचं.
पिवळं झालं, तर औषध पोचलं.
नाही झालं, तर पाणी फार सुंदर दिसतं,
काचेसारखं.
भीती त्याचीच.

"गो, तुज्या पाण्याक औषधाचो वास येता,
च्या फुकट जाता," दुरपदी म्हणते.
"आमच्या बावीचा पाणी बघ. शहाळा नुसता!"
ती बाव मी तपासली आहे.
बाटलीत भरून रात्रभर कपाटावर ठेवली,
दुसऱ्या दिवशी बाटली काळी, तव्याच्या बुडासारखी.
तिच्या ओट्यावर नेऊन ठेवली.
"बाटलीच घाणेरडी आसतली," ती म्हणाली.

लोकांना वाटतं, बंद नळ म्हणजे बंद.
आमच्याकडे पाणी येतं चाळीस मिनिटं.
उरलेला दिवस पाइप रिकामा असतो
आणि रिकामा पाइप ओढतो,
तान्ह्या पोरासारखा, तोंडाशी येईल ते.
मासळी बाजाराच्या गटारातून तो आठ फूट जातो.
त्या आठ फुटांत एक जोड,
जोडावर कुणीतरी गुंडाळलेलं गोणपाट.
तीनदा लिहून दिलं.
आवक नंबर पाठ आहेत माझे.

महिन्याला एक नमुना जिल्ह्याला, एसटीने, बर्फात.
बर्फ लिलावातला, उधारीचा.
प्रयोगशाळेतला पोरगा डबा उघडतो, नाक मुरडतो,
"मॅडम, पाणी आणलंत की सुरमई?"
मी हसते.
बाटली निर्जंतुक असली की झालं,
डब्याबद्दल नियमात काही नाही.

आता वहीत नाही ते सांगते.
श्रावणातला एक मंगळवार. मुलाला ताप.
पावडर घातली, खालच्याच नळावर बघितलं,
आणि वहीत लिहिलं:
शेवटचा नळ, पिवळा. सही, वैदेही मोंडकर.
शाई वाळायच्या आत घरी पोचले होते.

शुक्रवारी गाबीतवाड्यात तीन घरांत जुलाब.
दुरपदीचा नातू दोन दिवस सलाईनवर.
वाचला.
सगळ्यांनी शिळ्या कोळंबीवर ढकललं.
कोळंबी काय बोलणार.
मी बोलू शकत होते.

पाण्यानेच झालं असेल असं नाही.
मला ठाऊक नाही.
ठाऊक असावं म्हणूनच तर ती वही होती.

तेव्हापासून एकही दिवस चुकवला नाही,
यात मिरवण्यासारखं काही नाही.
दुरपदी अजून बावीचंच पाणी पिते,
पण रोज ओट्यावरून ओरडून विचारते,
"झाला गो पिवळा?"

आज नळी तिच्या नातवाने धरली,
एक डोळा मिटून, उन्हाकडे.
"हळदीसारखं!" तो म्हणाला.
मला दिसलं पेजेच्या निवळीइतकं.
पोर माझ्याकडे बघत होतं, मी हो म्हणावं म्हणून.

वहीत लिहिलं, फिकट.
त्याला म्हटलं, आजीला सांग, आज उकळून.
आणि बादली उचलून
पुन्हा घाटी चढायला लागले.