दोन घरं

मानवतच्या जिल्हा परिषद शाळेची पूर्वेची भिंत,
मे महिना, सकाळचे सात.
खाजा पेंटर दोरीला नीळ लावून ताणतो, फटकन सोडतो,
भिंतीवर रेघ उठते.
अठरा उभ्या रांगा, सात आडव्या,
खाली दोन पट्ट्या वेगळ्या,
उशिरा आलेल्या पाहुण्यांना बसवल्यासारख्या.

फ्लेक्सवाले आल्यापासून त्याच्याकडं
ट्रॉलीमागची नावं तेवढी उरली.
त्यानं घरामागं बारा रुपये सांगितले,
मी घासाघीस केली नाही.

नकाशा मीच दिला होता हातानं काढून,
जुन्या निकालपत्रकाच्या पाठीवर,
लाइट गेल्यावर, आठवेल तसा.
उभ्या रांगेला एक रंग:
आतल्या खोल्या कितीही असोत,
बाहेर ओसरीवर किती इलेक्ट्रॉन बसलेत
त्यावर स्वभाव ठरतो.

"लोखंडाला ल नको?"
नको. एफ-ई.
"सोन्याला?"
ए-यू.
"म्हंजे सगळे टोपणनावानंच."

टायटॅनियम हे नाव तो
ज्या पांढऱ्या रंगानं लिहीत होता
तो पांढरा टायटॅनियमचाच.
सांगावं की नाही, हे मी ठरवेपर्यंत
तो व्हॅनेडियमवर गेला.

मग अणू सांगितला.
मैदानाच्या मधोमध ज्वारीचा एक दाणा ठेवा, तो केंद्रक.
इलेक्ट्रॉन कुठं? तिकडं, बसस्टँडपाशी.
मधे?
मधे काही नाही.
त्यानं ब्रश थांबवला,
बोटाच्या पेरानं भिंतीवर टकटक केलं.
"हे पण मोकळंच?"
हे पण.
"हाताला लागतंय तोवर चांगलं," म्हणाला.

दुपारी मी जेवायला घरी गेले.
जस्तानंतर माझ्या कागदावर आर्सेनिक होतं,
पुढं रंग लिहिलेला, जांभळा.
जस्ताशेजारची रांग मात्र हिरवी, वर ॲल्युमिनियम.

परत आले तर शिडी रिकामी,
खाजा चिंचेखाली डबा उघडून बसलेला,
आणि भिंतीवर जस्ताच्या पुढं
दोन चौकोन कोरे.
मग आर्सेनिक, फॉस्फरसच्या बरोबर खाली,
जांभळं, अजून ओलं.

"कागदात नाहीत," भाकरी मोडत तो म्हणाला,
"पण भिंतीत हायेत. दोघं जण यायचेत.
न्हाईतर जांभळा हिरव्यात बसतो
आन् तिथून पुढं सगळ्यांचीच घरं चुकतात."

मी बी.एस्सी. परभणीला केलं.
दीडशे वर्षांपूर्वी एका रशियन माणसानं
याच ठिकाणी, जस्तापुढं, दोन घरं मोकळी सोडली,
आत राहायला येणारं कुणीही पाहिलं नसताना,
हे मी दरवर्षी शिकवते. दोन गुणांना येतं.
आणि नेमकी तीच दोन मी विसरले होते.

गॅलियम, मी म्हणाले. जर्मेनियम.
गॅलियम तर तळहातावर ठेवलं की वितळतं.
त्यानं वर उन्हाकडं पाहिलं.
"आपल्याकडं बाटलीतच पाणी झालं असंल."
त्रेचाळीस होतं त्या दिवशी. झालं असतं.

हिरवा डबा संपला होता, बाजार सोमवारचा.
नवा डबा जरा गडद निघाला.
जूनमध्ये पोरं येतील
आणि गॅलियमवरच बोट ठेवून विचारतील,
बाई, हे असं का?

कथिलाचं घर त्यानं सगळ्यांत सावकाश रंगवलं.
बाप बाजाराच्या दिवशी कल्हई करायचा:
नवसागराचा धूर, कापसाचा बोळा,
पितळेच्या पातेल्यात एकदम चांदणं.
त्यानं हे शिडीवरून सांगितलं, भिंतीकडं तोंड करून,
त्यामुळं अर्धंच ऐकू आलं.

शनिवारी बिल दिलं. एक हजार तीनशे ब्याण्णव.
मी दोनदा गुणलं.
खाजाभाई, घरं एकशे अठरा आहेत,
तुम्ही एकशे सोळाच लावलीत.

तो ब्रश रॉकेलमध्ये खळबळत होता.
"ती दोन," म्हणाला,
"तुम्ही कुठं दिली होती?"