तिसरी फिल्म

फोन आला तेव्हा मगरिबची अजान व्हायची होती.
मॅनेजर म्हणाला, परकार, हॉल नंबर दोनमध्ये हवाच नाही,
आणि आज नेमका खास शो.
रुवीत एप्रिल. बाहेर एकोणचाळीस.
दिवसभर तापलेले डोंगर रात्री उष्णता परत करतात,
उधारी फेडावी तशी, मोजून.

पोस्टरवर: नामांकित अ‍ॅनिमेशन लघुपट, पाच.
बक्षीस तिकडे महिन्यापूर्वीच देऊन झालं होतं म्हणे.
कुणाला, ते इथे कुणी बोलत नव्हतं,
मजा जाईल म्हणून.

मी डाव्या भिंतीला शिडी लावली,
छताची फरशी सरकवली, टॉर्च दातांत धरला.
शो थांबवू नका, मीच म्हटलं,
माझं काम काळोखातच असतं.

पहिली फिल्म फक्त ऐकली.
त्यात कुत्रा असावा. किंवा खोकणारा म्हातारा.
लोक दोनदा हसले.
दुसरीत कुणी बोललंच नाही,
कागदावर पेन्सिल घासल्याचा आवाज तेवढा,
आणि माझ्या हातात फुगलेला कपॅसिटर.

तिसरीला ब्लोअर फिरला.
हवा आली, मी सहज मान वळवली.

पडद्यावर एक बाई. मातीची.
मातीच्या सुईत मातीचा दोरा ओवत होती,
ओवला जात नव्हता.
आणि तिच्या उजव्या गालावर
अंगठ्याचा ठसा,
घमेल्याएवढा.
भोवरा, रेघा, मधे कापल्याची तिरकी खूण, सगळं स्वच्छ.
घडवणाऱ्याचा राहून गेलेला.
ती जरा हलली की ठसाही हलायचा,
एकदा वर, एकदा कानापाशी,
कारण दर वेळी कुणीतरी
तिला पुन्हा हात लावला होता.

पुढच्या रांगेत एका पोराने
बापाला मोठ्याने काहीतरी विचारलं, अरबीत.
त्यातलं 'कोण?' एवढंच मला कळलं.
बाप म्हणाला, शूऽ.

रमजानच्या आधीची गोष्ट. रेसिडंट कार्डाची खिडकी.
मशीन माझा अंगठा घेईना.
एकवीस वर्षं कॉइल धुण्याचं केमिकल.
गणवेशातली मुलगी म्हणाली, दाबा.
दाबला.
अजून दाबा.
मागचा म्हणाला, लिंबू चोळा, भाई.
मधलं बोट झालं, अनामिका झाली,
शेवटी डाव्या करंगळीवर
सरकारचं समाधान झालं.
हे मी हर्णैला फोनवर हसत सांगितलं.
हाजरा हसली नाही.
म्हणाली, मग तुम्ही आलात
हे त्यांना कळणार कसं?

चौथी आठवत नाही.
पाचवीत समुद्र होता, लोकरीचा, उसवत जाणारा.
मी मात्र शिडीवरच,
काम संपून वीस मिनिटं झाली होती.

दिवे लागले. मारिसेल चिठ्ठ्या वाटत आली,
प्रेक्षकांची पसंती, एका नावापुढे खूण करा.
मलाही दिली.
मी म्हटलं, माझं तिकीट नाही.
पाहिलीत ना? ती म्हणाली.
पाच नावं, इंग्रजीत. त्यातली बाई कुठली?
बोटं मोजून तिसरी धरली.
पेन्सिल पुढच्यांत फिरत होती.
अंगठ्याला ग्रीस होतंच.

उठला तो काळा गोळा.
पाणी पडून शाई पसरावी तसा. रेघ एकही नाही.
मारिसेलने उजेडात धरून पाहिला,
म्हणाली, चालेल का, विचारून येते.

मोजणी होईतो लोक बसून राहिले.
मी शिडी मिटत होतो.
मागच्या रांगेतल्या एका म्हातारीने
सुनेला कोपराने ढोसलं, ओढणी खांद्यावर घेतली,
आणि वर, जाळीकडे बघत, कुरकुरली,
गारठवलं मेल्याने.