नळी

बॉनेटखाली, अल्टरनेटरच्या वरून,
डिझेलच्या पाइपाला वळसा घालून
मी नळी फिरवते.
करंगळीहून बारीक, आत दाबलेला वारा.
एक टोक बंद. दुसरं तांबड्या बाटलीत,
बाटलीत दोन किलो पावडर.

"बटन कुठी आहे?" रुबाब तडवीनं विचारलं होतं.
बटण नाही.
"मंग चालू कोन करते?"
आगच करते, दादा.
जाळ जिथे चाटेल तिथेच नळी फुटते,
आणि फुटते तिथूनच विझवते.
तो हसला. "म्हंजे चोरानंच कुलूप लावाचं."
लिंबू-मिरची नळीलाच बांधू लागला,
मी त्याला बंपर दाखवला.

सावद्याच्या अलीकडे, फैजपूर रोडला माझं दुकान.
पुण्याहून कंपनीचा माणूस आला तेव्हा म्हणाला,
उन्हाळ्यात बॉनेटखाली साठ-सत्तर धरून चाला.
म्हटलं, मे महिन्यात भुसावळला या,
दुपारी दोनला गाडी यार्डात उभी करू,
मग बॉनेटवर हात ठेवून आकडा सांगा.
त्यानं वही मिटली.
पंधरा दिवसांनी जास्त आकड्याची नळी आली.
आमच्याकडे एवढं तरी कळावंच लागतं तिला:
ऊन कुठे संपतं
आणि आग कुठे सुरू होते.

दर सहा महिन्यांनी रुबाब यायचा.
काटा हिरव्यात आहे का, बघायचा,
मग तेच विचारायचा:
"चार वर्स झाले. काय केलं हिनं?"
काही नाही केलं, म्हणायची मी.
आणि पैसे घ्यायची. जरा ओशाळून.

फाल्गुनात निंभोऱ्याच्या शिवारात
कटतीची वाट बघत गाडी रात्रभर उभी.
हौद्यात केळीची वाळली पत्ती, कमरेइतकी.
त्यावर क्लीनर गोमा बारेला, घोंगडीत.
केबिनमध्ये रुबाब.
पत्तीबरोबर आलेला एक उंदीर
वायरिंगमध्ये बिऱ्हाड करत होता.

पहाटे तीनच्या सुमाराला फुस्स झालं.
रुबाबला वाटलं, टायर गेलं.
उतरला. अंधारात दहाही चाकांना
लाथ मारत एक फेरी घातली.
सगळी टणक. पुन्हा झोपला.

सकाळी गाडी चालू होईना. बॉनेट उघडलं
तर आत कुणी दादरच्या पिठाचं पोतं
उलटं केल्यासारखं.

टोचण लावून गाडी माझ्या दारात आणली.
"उगाच फुटली तुमची नळी!
आता धुवाचे पैसे कोन देईन?"
गिऱ्हाइकं बघत होती.
मला तरी कुठे ठाऊक होतं?
फडकं घेतलं, पावडर पुसत पुसत गेले,
बॅटरीपासून मागे, मागे,
तर वीतभर वायर कोळसा झालेली.
वरच्या रबरावर जिभेएवढा काळा डाग.
तेवढाच.
त्याच्या पुढे सगळं शाबूत.

जळालेल्याचा पंचनामा होतो.
तलाठी येतो, फोटो निघतात,
चार माणसं सही करतात.
न लागलेल्या आगीची पावती
मी कुठून फाडू?

ती वायर कापून रुबाबच्या तळहातावर ठेवली.
बराच वेळ बोटांनी चुरत राहिला.
मग नव्या बाटलीचा भाव विचारला,
आणि घासाघीस केली, अगदी नेहमीसारखी,
मीही अडीचशे सोडले.

वायर मात्र त्यानं टाकली नाही.
खिशातल्या तंबाखूच्या पुडीत खोचली.

नवी नळी बसवताना गोमा जवळ येऊन उभा राहिला.
आजवर तो बॉनेटकडे कधी फिरकला नव्हता.
दोन बोटं नळीवर टेकवली,
नाडी बघावी तशी.
विचारलं काहीच नाही.
केसांत त्याच्या अजून
वाळल्या पत्तीचा चुरा होता.