इतर (कृपया नमूद करा)

अकरा वर्षं आमचं हे फुकटचं सॉफ्टवेअर
जुन्या फाँटातली मराठी युनिकोडात आणतंय.
कोण वापरतं, किती जण, ठाऊक नाही.
पाणपोई घालणाऱ्याला कुठे माहीत असतं
ओंजळ कुणाची होती.
ते बरंच आहे म्हणा. कुणावर पाळत ठेवायची नाही
हे पहिल्याच दिवशी ठरलं होतं.

पण या वर्षी म्हटलं, विचारू तरी.
म्हणून माहीमच्या या दीड खोलीत
कुकरच्या शिट्ट्या सोडून
मी प्रश्न मोजतेय.
धारवाडहून निरुपमा बजावते, दहाच्या वर नकोत,
अकराव्याला माणूस उठून चहा टाकतो.

'आमचं नवं रूप आपल्याला किती आवडलं?'
खोडला. ही पंगतीतल्या आग्रहाची भाषा,
पानात जिलबी वाढून झाल्यावर विचारतात तशी.
'वेगवान आणि सोपं वाटतं का?'
एका बेलवर दोन बिऱ्हाडं,
दार कुणी उघडलं, कळणार कसं?
'आपलं वय.' कशाला हवंय?
'आपलं गाव.' राहू दे.
नको.
राहू दे.

शुक्रवारी मसुदा छापून घेतला
आणि गेले धोबीतलावला,
लघुवाद न्यायालयासमोरच्या टायपिंगच्या टपरीत.
हरेश्वर केणी. हात रेमिंग्टनवर बसलेला,
अजून लॅपटॉपच्या कळा ठोकून मारतात.
त्यांनी चष्मा कपाळावर नेला, पेन मागितलं
आणि खालपर्यंत तीनवर गोल काढत गेले.
तीन. तीन. तीन.
"मधला आकडा बरा, ताई. कुणाच्या पोटावर पाय नाही."
"पण त्रास काही होतो का?"
"कसला त्रास? फुकट मिळतंय."

कागद पिशवीत घातले.
निघता निघता दिसलं,
प्रिंटरमधून आलेल्या ताज्या पानावर
ते ब्लेडच्या टोकाने काहीतरी खरवडत होते,
डोळ्यातलं कुसळ काढावं इतक्या जपून.
वरळी कोळीवाड्यातल्या कुणा बाईंचं प्रतिज्ञापत्र,
राहणार 'दर्याकिनारा'.
आमच्या हातून त्याचा झाला होता 'दऱ्याकिनारा'.
रफार गेला, पापणी आली,
आणि एका बाईच्या दारातला समुद्र
उचलून घाटात नेऊन टाकला.

"हे केव्हापासून?"
"असतील चार वर्षं. दिवसाला दहा-बारा."
"कळवलं का नाही?"
"कुणाला?"

तो 'कुणाला' घेऊन
मी मेट्रो सिनेमापर्यंत चालले, मग उगाच परत फिरले.
चार वर्षांपूर्वीची ती ओळ माझीच होती.
घाईतली. रात्री दोनची.
खाली कुणीतरी अंगठाही दिला होता.

रात्री निरुपमाला लिहिलं, सातवा प्रश्न बदलतेय.
आकडे नकोत, गोल नकोत.
'आमचं काम संपल्यावर
तुम्ही स्वतःच्या हाताने काय दुरुस्त करता?'
आणि खाली नुसती चौकट,
शब्दांची मर्यादा काढून टाकलेली.
ती म्हणाली, याची बेरीज कशी करणार?
खरंय. टक्के निघणार नाहीत,
रंगीत वर्तुळ काढून परिषदेत दाखवता येणार नाही.
एकेक वाचावं लागेल, बसून,
तांदूळ निवडल्यासारखं.

ओळ दुरुस्त केली. तीन तास लागले.
मग दुवा पाठवला सगळ्यांना, केणींनाही.

मंगळवारी त्यांचं उत्तर आलं.
सगळीकडे तीन.
सातव्याच्या चौकटीत एक ओळ,
रफार जिथल्या तिथे:
'ब्लेडचं पाकीट दर महिन्याला लागतं.
ते तुमच्या खर्चात धरता येईल का?'