गाव नंबर एक्केचाळीस

मलकानगिरीत उतरवलं तेव्हा गावाला नाव नव्हतं,
नंबर होता : एक्केचाळीस.
कागदावर अजूनही तोच आहे.

निरापद बारोईंच्या मांडीवर
बोरिशालहून आणलेला मनसादेवीचा घट,
आत नदीचं पाणी. ते वाटेतच आटलं.

पहिल्या श्रावणात घट भरायचा
तर जवळपास नदी कुठली?
इर्मा माडकामीनं आपल्या झऱ्याची वाट दाखवली,
कुठली देवी, हे न विचारता.

आता पूजेला तिची नातवंडं
पुढेच बसतात, बत्ताशांवरून भांडतात,
शिव्या देतात त्या आमच्या बोलीत.

यंदा सुबल केरळातून आला नाही.
बांधकामावर रजा नाही.
फोनवर म्हणाला, घट दाखव.
दाखवला.
तसा नाही गं,
आत दाखव.
पाणी.